रबर धरणाऱ्या खाला

पालकांच्या हातात रबर देऊ नये, हे मी फार लवकर शिकले. मी सुचिता, नेरूळमधल्या एका क्लबच्या टँकवर पोहण्याची कोच आहे, आणि पालक या जमातीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. शर्यतीआधी जरा पोराच्या मागे उभे राहा म्हटलं की हे लोक व्हिडिओ काढतात. एका बापाला मी एकदा रबराचं टोक धरायला दिलं, तर नेमका तेव्हाच त्याला फोन आला. त्याने टोक सोडलं, रबर सपकन जाऊन पोराच्या पाठीवर बसलं आणि आठवडाभर वळ राहिला. वर बापाने मलाच सुनावलं.

रबर म्हणजे काय ते आधी सांगते. पोहणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला जाड रबरी नळी, आणि नळीचं दुसरं टोक काठावर पक्कं धरायचं. मग पोहणाऱ्याने जीव खाऊन पोहायचं. रबर ताणलं जातं आणि तो जागच्या जागी हात मारत राहतो. असं दहा-बारा सेकंद, तीन-चार वेळा. मग बाहेर यायचं, टॉवेल गुंडाळायचा, गप्प बसायचं. ओझं ओढून झालेल्या अंगात थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त जोर राहतो, आणि त्या वेळात शर्यत आली तर फायदा होतो. घाई केली तर अंग दमलेलंच असतं, उशीर केला तर जोर विरून जातो. मधली दोन-तीन मिनिटं काय ती कामाची. पुण्याला एका कार्यशाळेत मला हे शिकवलं आणि हातात एक कागद दिला. कागदावर लिहिलं होतं, आठ मिनिटं थांबा. मी ते देववाणी असल्यासारखं घेऊन आले.

आमच्या टँकला रेलिंग आहे, रबर त्याला बांधता येतं. स्पर्धेच्या ठिकाणी सरावाच्या छोट्या टँकवर धड एक खुंटीसुद्धा नसते. तिथे माणूसच लागतो. आणि माणूस असा, की ज्याने त्या चार मिनिटांत दुसरीकडे पाहायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी, त्या वळाच्या प्रकरणानंतर, खैरुन्निसाबाई उठून पुढे आल्या. नूरीनची आई, एवढीच माझी ओळख. रोज मुलीला सोडायला यायच्या आणि भिंतीकडच्या बाकावर बसायच्या, इतर आयांमध्ये मिसळायच्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली, रबर कमरेभोवती एक वेढा देऊन घेतलं आणि उडी मारायच्या ब्लॉकला पाय लावून मागे रेलल्या. नूरीन पाण्यात जीव काढत होती आणि ही बाई हलत नव्हती. म्हसळ्याला माहेरी लहानपणी रहाट ओढलेली बाई ती. मी म्हटलं, “तुम्हाला कोणी शिकवलं?” त्या म्हणाल्या, “यात शिकायचं काय हाय? पोरगी तिकडं ओढते, आपन हिकडं थांबायचं.”

त्या दिवसापासून रबर त्यांचं झालं. नूरीनच्या मैत्रिणी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या, म्हणून हळूहळू सगळा टँक खाला म्हणायला लागला. शिंदे, म्हात्रे, नायर, सगळ्यांच्या त्या खाला.

खरी करामत पुढेच आहे. कागदावरची आठ मिनिटं ही बाई सहा महिन्यांत मोडीत काढून बसली. रबर कमरेला असल्यामुळे पाण्यातल्या पोराचा प्रत्येक हात तिला कमरेत कळायचा. “आज हिचा उजवा हात सुस्त हाय,” त्या म्हणायच्या, आणि तो असायचाच. मग त्यांनी सकाळच्या सरावात एक उद्योग सुरू केला. रबर झालं की पोराला बसवायचं, काही मिनिटांनी परत एकदा पट्टा लावून एकच झटका ओढायला लावायचं, आणि जोर वाढला की उतरला ते बघायचं. दुसऱ्या दिवशी एक मिनिट पुढे, तिसऱ्या दिवशी आणखी एक. असं करत करत त्यांनी प्रत्येकाची मिनिटं शोधली. नूरीनला अकरा लागायची. मनस्वीला साडेसात. रमीज म्हणून एक किडकिडीत मुलगा होता, त्याच्याबद्दल म्हणाल्या, “याला रबर देऊ नको सुचिता, याचं सगळं बळ रबरच खाऊन टाकतं. याला नुसतं सावकाश पोहू दे.” मी स्टॉपवॉच घेऊन तपासलं. दर वेळी नाही, पण माझ्या कागदापेक्षा जास्त वेळा बाईंचं बरोबर निघालं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

स्पर्धेत पोरांच्या हातावर मार्करने तीन आकडे लिहितात: शर्यत कितवी, हीट म्हणजे त्यातली तुकडी कितवी, लेन कोणती. खाला त्याखाली चौथा आकडा लिहून त्याला गोल करायच्या. तो मिनिटांचा. मग हातात कार्यक्रमाचा कागद घेऊन हिशेब, एक हीट दीड मिनिटाची, मध्ये बक्षीस समारंभ घुसवला तर दहा मिनिटं गेली, आणि बरोबर वेळ साधून पोराला छोट्या टँककडे न्यायच्या. मी पंचांशी भांडत असायचे. तो माझा प्रांत.

कासिमभाई, त्यांचे मिस्टर, वाशीला चष्म्याच्या दुकानात होते. चार वर्षांपूर्वी दुकानातच छातीत कळ आली आणि गेले. खाला पंधराव्या दिवशी टँकवर हजर. लोक काय म्हणतील असं मी बोलून गेले, तर म्हणाल्या, “नूरीनची स्पर्धा हाय ना.” पुढे नूरीन राज्य स्पर्धेत दोनदा तिसरी आली, मग पदवी झाली, मग दोहाला एका शाळेत मुलांना पोहणं शिकवायची नोकरी लागली आणि ती गेली. अडीच वर्षं झाली त्याला. जाताना टँकवर सगळ्यांना मिठाई वाटली. मी खालांना म्हटलं, आता सुटलात पहाटेच्या कटकटीतून.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या आल्या. पोटची पोर पाण्यात नाही आणि ही बाई चपला काढून, ओढणी खोचून उभी. मी काही विचारलं नाही. मला बरंच होतं, रबर धरायला फुकटचं माणूस मिळत होतं. सारसोळेच्या बाजूला त्यांची एका खोलीची जागा, तिथून त्या चालत यायच्या आणि सकाळचा सराव संपला तरी रेंगाळायच्या. पट्टे धुवायच्या, वाळत घालायच्या, कोणाचा गॉगल राहिला ते बघायच्या. संध्याकाळी परत. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यावर एकच ताट, एकच वाटी, एकच पेला उपडा घातलेला होता. बाकीची भांडी वरच्या फळीवर, पेपरात गुंडाळून. चहा झाल्यावर म्हणाल्या, “बस की अजून.” मला दुसरीकडे जायचं होतं. मी उठले.

नूरीनचं नाव मात्र तोंडात कायम. नव्या पोरीला पट्टा बांधताना, “माझ्या नूरीनला अकरा मिनिटं लागायची, तुझी किती ते बघू,” हे ठरलेलं वाक्य. पोरी कंटाळायच्या नाहीत याचं मला नवल वाटायचं.

त्या पोरींमधली एक राजलक्ष्मी. बाप हौसेराव, मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारा माणूस, पण पोरीला टँकवर सोडायला आला की कडेकडेने चालायचा, पाण्याला घाबरायचा. राजलक्ष्मी चौदा वर्षांची, उंच, कमी बोलणारी, पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये वेगवान. तिला रबर फारच मानवायचं, आणि तिची मिनिटं सगळ्यांत कमी होती, पाच. पाच मिनिटांत तिचं अंग तयार व्हायचं, आणि सातव्या मिनिटाला उतरायला लागायचं. सव्वा वर्ष तिच्या हातावर तो पाच लिहिला जात होता.

या एप्रिलमध्ये जिल्ह्याची निवड चाचणी होती. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार. राजलक्ष्मीसाठी हे शेवटचं वर्ष होतं, कारण पुढच्या वर्षी ती वरच्या वयोगटात जाणार आणि तिथे सतरा वर्षांच्या थोराड मुली. सरावात तिची वेळ अशी होती, की नेहमीसारखी पोहली तरी दुसरी नक्की. हौसेरावांनी त्या दिवशी बाजारातून सुट्टी घेतली. ते सुट्टी घेत नाहीत.

ठाण्याच्या बाजूच्या एका टँकवर चाचणी होती. माझं नेहमीप्रमाणे भांडण चाललं होतं, आमच्या एका मुलाचं नाव यादीतून गळालं होतं. त्यामुळे खाला राजलक्ष्मीला कधी घेऊन गेल्या, रबर कधी झालं, ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते थेट शर्यत. उडी चांगली पडली. पंचवीसपर्यंत ती दुसरी होती. मग तिचे हात जड व्हायला लागले. हे शब्दांत सांगता येत नाही, पण कोचला काठावरून दिसतं. शेवटच्या दहा मीटरमध्ये एक मुलगी तिच्या बाजूने पुढे सरकली. राजलक्ष्मी तिसरी आली, चौदा शतांश सेकंदांनी. डोळ्याची पापणी मिटायलाही त्याहून जास्त वेळ लागत असेल.

ती बाहेर आली तेव्हा खालांनी टॉवेल पुढे केला. टॉवेल देता देता त्यांची नजर तिच्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. राजलक्ष्मीने टॉवेल ओढून हात झाकला आणि बापाकडे निघून गेली.

खाला माझ्याकडे आल्या. माझा दंड धरून मला जिन्याखाली नेलं.

“सुचिता, मी अकरा लिवलं.”

“काय?”

“तिच्या हातावर. पाच नाय, अकरा लिवलं. नि अकरा मिनिटं बसवलं तिला.”

मला आधी कळेचना. खाला चुकत नाहीत, हे मी इतकं गृहीत धरलं होतं.

“सकाळी नूरीनचा मेसेज आला,” त्या म्हणाल्या. “मे मधे येनार नाय. सुट्टी नाय मिळाली. आता दिवाळीला बघू म्हनते. तिसऱ्यांदा असं झालं. मी मेसेज वाचला नि फोन ठेवला. मग हात समोर आला नि मी लिवलं. हात कोनाचा ते बघितलंच नाय गं.”

मी काय बोलले ते आता सांगायला लाज वाटते. म्हटलं, चौदा शतांशात काय असतं, शेवटी भिंत पकडताना ती हात लांबवायला चुकली असेल, पंचवीसनंतर श्वास जास्त घेतला असेल, रबराचा परिणाम मुळातच तेवढासा नसतो. हे सगळं खरं होतं. कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही की सहा मिनिटांनी तिला हरवलं. पण मला ते मनापासून खरं वाटत नव्हतं. आणि पुढे म्हटलं, “कोणाला सांगू नका. हौसेरावांना तर मुळीच नाही. ती गोष्ट चार पालकांत गेली की तुम्हाला रबर धरू देणार नाहीत. मग मी काय करू? तुम्ही काय कराल?”

शेवटचा प्रश्न मी का विचारला, देव जाणे. त्यांच्या दुखऱ्या जागेवर बरोबर बोट ठेवलं मी. त्यांचा चेहरा उतरला. रबराशिवाय त्यांना घराबाहेर पडायला दुसरं कारण नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं.

परतताना बसमध्ये त्या एकट्या पुढच्या सीटवर बसल्या. मुलं मागे गाणी म्हणत होती, राजलक्ष्मीसुद्धा तोंड हलवत होती. हौसेराव मांडीवर तिची बॅग घेऊन सरळ बसले होते. वाशी मागे पडलं, बस पाम बीच रोडला लागली, तरी खालांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले नाही. दमले होते, हे कारण.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. रबर मी रेलिंगला बांधलं, आणि पोरं माझी कागदावरची आठ मिनिटं बसून पाण्यात गेली.

संध्याकाळी मात्र आल्या. चपला काढल्या नाहीत. हौसेराव राजलक्ष्मीला न्यायला आले होते, फाटकाशी नेहमीसारखे पाण्यापासून लांब उभे. खाला सरळ त्यांच्याकडे चालत गेल्या. मी आडवी जाणार तेवढ्यात त्यांनी बोलायला सुरुवातही केली.

“भाऊ, काल तुमच्या पोरीचं नुकसान माझ्यामुळं झालं. तिला पाच मिनिटं बसवायचं असतं, मी अकरा बसवलं. माझ्या पोरीचा आकडा मी तिच्या हातावर लिवला. ती हरली ती माझ्यामुळं. सुचिता काय पन सांगू दे. आता मी रबर धरनार नाय.”

हौसेरावांनी गळ्यातल्या पंच्याने मान पुसली. त्यांना रबराचं विज्ञान कधी कळलं नव्हतं, कळावं अशी अपेक्षाही नव्हती.

“आवं ताई,” ते म्हणाले, “आमी रोज गोणी उचलतो. कधी तरी पाय घसरतो मानसाचा. त्याला काय करायचं?”

“पाय माझा घसरला नि पडली ती,” खाला म्हणाल्या.

हौसेराव खोटा दिलासा देणारे नाहीत. पोरीचं वर्ष गेलं होतं आणि त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं.

राजलक्ष्मी ओल्या केसांनी बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण बॅग खाली ठेवून ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

आम्ही तिघं तिच्याकडे पाहायला लागलो.

“तुमी लिहिलं तेवाच मी बगितलं, खाला. अकरा. मला कळलं की हा नूरीनताईचा हाय.”

“मग बोलली का नाय?” खालांचा आवाज फाटला. “सव्वा वर्ष पाच लिवते मी तुझ्या हातावर. एक शब्द बोलायचा ना! राज्याला गेली असती तू!”

राजलक्ष्मी खाली बघत होती. या पोरीला एका दमात दोन वाक्यं बोलण्याची सवय नाही. “तुमचे डोळे भरलेले होते. मी चुकलं म्हनले असते तर कोनाचा आकडा ते तुमाला कळलं असतं. मग तुमी तिथंच रडला असता, सगळ्यांसमोर. घरच्या टँकवर ठीक हाय, तिथं बाथरूम हाय.”

“बाथरूम?”

“सकाळी तुमी पट्टे धुवायला आत जाता, नळ मोठा सोडता. आमी पोरी तेवा आत येत नाय. बाहेर थांबतो. नळ बंद झाला की येतो.” तिने माझ्याकडे पाहिलं, मी रागावेन अशा भीतीने. “म्हनून कदी कदी आमाला कपडे बदलायला उशीर होतो, मॅडम.”

उशीर होतो म्हणून मी त्या पोरींना किती वेळा शिट्टी मारली होती, दुसऱ्या दिवशी दोन-दोन फेऱ्या जास्त पोहायला लावल्या होत्या. एकीनेही कारण सांगितलं नव्हतं.

खालांनी फाटकाचा गज धरला. त्या रडल्या नाहीत. राजलक्ष्मीकडे बघत राहिल्या, नीट, पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या. मग माझ्याकडे वळल्या.

“मला वाटलं नळाचा आवाज असतो,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, कोनाला कळत नाय. तुला पन माहीत होतं, सुचिता?”

मी हो म्हटलं.

मला माहीत नव्हतं. अडीच वर्षं रोज सकाळी मी त्या बाथरूमच्या दारापासून दहा पावलांवर, हातात स्टॉपवॉच घेऊन उभी होते.